गोणपाट

कोळीवाड्यातील धर्मगुरूच्या वाट्याला दरवर्षी एक मानाचे काम येते. १ जूनपासून सुरू झालेली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. तोवर बोटी रंगवून सज्ज होतात आणि नाखवा मंडळी आशीर्वादासाठी बोलावतात. मी सावरत बोटीवर चढतो, प्रार्थना म्हणतो, केबिनवर, डेकवर, जाळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतो आणि खाली उतरतो. डेकच्या फळ्यांखाली काय आहे, हे इतक्या वर्षांत मी कधी वाकून पाहिले नव्हते. गेल्या पावसाळ्यात तो योग आला.

आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध नाखवांची लाकडी बोट तिशी ओलांडलेली. त्यांच्या वडिलांनी ती बांधून घेतली होती. गेल्या हंगामात तिचे इंजिन भर समुद्रात दोनदा बंद पडले. फिल्टर बदलला की ते चाले आणि काही दिवसांनी पुन्हा अडे. इंजिनाजवळ झोपणारा खलाशी वासाने डोके दुखते म्हणून सांगत होता. बोटीवर डिझेलचा वास यायचाच, असे म्हणून सर्वांनी त्याला गप्प केले. बोट किनाऱ्यावर ओढल्यानंतर तिच्या तळात साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तेव्हा डिझेलची टाकी गळत असल्याचे ध्यानात आले.

नाखवांच्या मुलाचे म्हणणे, वरवर लांबी भरून हा हंगाम काढावा. टाकीचा दिसणारा भाग दरवर्षी रंगवलेला, अगदी नव्यासारखा होता. नाखवा म्हणाले, “फादर, रंगाला भुलू नका. लोखंड आपल्याला दिसत नाही तिथूनच खातं.”

पण टाकी काढायची कशी? बोट बांधताना आधी टाकी बसवली होती आणि मग तिच्यावर डेक ठोकला होता. उतरण्याचे झाकण दीड हाताचे आणि टाकी चार हातांची. ताडपत्रीच्या मांडवाखाली काम सुरू झाले. प्रथम हातपंपाने डिझेल पिंपांत काढले, बॅटरी सोडवली आणि दोन दिवस सारी झाकणे उघडी ठेवून खाली वारा खेळू दिला. टाकी जागच्या जागी कापावी, असे मी अडाणीपणाने सुचवले. मिस्त्रीने हात जोडले. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ ठिणगीने भडकू शकते, म्हणून न धुतलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षाही घातक असते, हे मला त्या दिवशी कळले. अखेर डेकच्याच फळ्या कापल्या. त्याही कुठेही नव्हे. खालच्या आडव्या तुळईच्या मधोमध करवत चालवली, म्हणजे पुन्हा फळी बसवताना दोन्ही टोकांना आधार मिळतो. वडिलांनी ठोकलेली पहिली फळी उचलली तेव्हा नाखवा दुसरीकडे पाहत होते.

चेनपुलीने टाकी वर आली. माथा धड होता, तळाची चाळण झाली होती. आत डिझेलखाली पाणी व काळा गाळ साचला होता. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतला ओलावा थेंब होऊन उतरतो, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. इंजिन अडत होते ते या गाळामुळे. परंतु मोठी झीज बाहेरून झाली होती. टाकीखाली गोणपाटाची जाड घडी होती. काळी पडलेली, चिंब ओली. नाखवांनी ती हातात घेतली. “बाबांनी घातलं होतं. लाकडावर घासू नये, मऊ असावं म्हणून.”

ज्या गोणपाटाने टाकी जपायची, त्यानेच खारे पाणी शोषून वर्षानुवर्षे तिच्या अंगाशी धरून ठेवले होते. घालणाऱ्याच्या मनात मायाच होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. नाखवा व त्यांचे धाकटे बंधू यांच्यात वडिलांच्या मृत्यूनंतर या बोटीच्या वाट्यावरून बेबनाव झाला होता. साऱ्या वाड्याला तो ठाऊक आहे, आणि दोघांच्या अनुमतीनेच मी हे लिहीत आहे. चार वर्षांपूर्वी दोघे माझ्याकडे आले असता मी म्हटले होते, “आता विषय काढू नका. घरात शांतता ठेवा.” दोघांनी माझा शब्द पाळला. मिस्साला येत, वेगवेगळ्या बाकांवर बसत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. त्या शांततेचे मला समाधान वाटे. सेमिनरीत शिकून आलेल्या मला प्रभूची आज्ञा ठाऊक नव्हती असे नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला त्याने सांगितले आहे. भावाविषयी गप्प बसायला सांगितलेले नाही. ते गोणपाट मीच घातले होते, मायेने आणि थोडे माझ्या सोयीसाठीही.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्यांच्या घरी गेलो आणि माझा सल्ला चुकला असे सांगितले. पुढे तीन संध्याकाळी दोघे भाऊ माझ्या खोलीत बसले. गोड काही घडले नाही. पहिल्या दिवशी आवाज चढले, जुने हिशेब निघाले, एकजण उठून गेला व परत आला. वाट्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण आता ते त्यावर बोलतात.

इकडे बोटीत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या आल्या. आत डिझेल हिंदकळू नये म्हणून भोके असलेले पडदे, तळाशी पाणी काढण्याची तोटी. बसवण्यापूर्वी थोडी हवा भरून सांध्यांना साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडा येत नाही याची खात्री केली. खाली टणक रबराच्या पट्ट्या दिल्या व त्यांच्यामधून वारा फिरेल अशी जागा सोडली. दोन्ही टाक्या झाकणातून वर निघतील एवढ्याच. नाखवा म्हणाले, “पुढच्याला डेक तोडायला लागू नये.”

ऑगस्टच्या आरंभी मी आशीर्वादासाठी गेलो. धाकटे बंधू धक्क्यावर उभे होते. वर आले नाहीत, पण आले होते. प्रार्थना संपल्यावर मी नाखवांना झाकण उघडायला सांगितले. गुडघे टेकून खाली वाकलो आणि उरलेले पवित्र पाणी तिथल्या अंधारात शिंपडले. खलाशाला विचारले, “अजून वास येतो का रे?” तो हसून म्हणाला, “नाही, फादर.”