सहीपुरता कागद

वऱ्हाडातील कापसाच्या अडतीचे ते एक जुने घराणे. दुकानाचे नूतनीकरण झाले तेव्हा थोरल्या नातवाने ठरविले की, गादीमागच्या भिंतीवर गांधीजींची सही लावायची. सही घरातच होती. १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून हरिजन दौरा निघाला, त्या दौऱ्यात त्याच्या पणजोबांनी ती मिळविली होती. हरिजन फंडाला पाच रुपये दिल्याशिवाय गांधीजी स्वाक्षरी देत नसत, हे प्रसिद्धच आहे. अडत्याला तो व्यवहार मनापासून आवडला असला पाहिजे. दर ठरलेला, उधारीची बात नाही.

सही खिशातल्या टिपणवहीच्या एका पानावर होती. वरच्या भागात सही, तिच्याखाली पणजोबांच्या हातच्या मोडीतील चार ओळी, आणि पाठीमागेही थोडा मजकूर. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नव्हते.

शहरातल्या फ्रेमवाल्याला नातवाने मोबाइलवर एक नमुना दाखविला. मधोमध छायाचित्र, त्याखाली सहीची पट्टी, तिच्याखाली नाव कोरलेली पितळी पाटी. पान मात्र मळके होते, कोपऱ्यात तेलाचा डाग होता. ‘‘सहीपुरतंच ठेवू शेठ, बाकीचं शोभत नाही,’’ फ्रेमवाला म्हणाला. नातवाने मान डोलावली. पोलादी पट्टी ठेवून कटर फिरला, तीन इंच रुंद आणि इंचभर उंच असा तुकडा निघाला, आणि डिंक लावून पुठ्ठ्यावर कायमचा बसला. उरलेले पान टेबलाखालच्या कातरणांत गेले.

फ्रेमवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याहून कितीतरी विद्वान माणसांच्या हातून हेच झाले आहे. जॉर्ज वॉशिंग्टनची कागदपत्रे संपादनासाठी जेरेड स्पार्क्स या इतिहासकाराकडे १८२७ साली आली. पुढे हे गृहस्थ हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्या कागदांत १७८९ च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा एक लांबलचक मसुदा होता. तो वॉशिंग्टनने स्वहस्ते उतरविलेला होता, पण प्रत्यक्ष भाषणात वापरला नव्हता. वापरलेला नाही म्हणजे छापण्याजोगा नाही, असा स्पार्क्सचा हिशेब. मग हस्ताक्षराची मागणी करणाऱ्या चाहत्यांना त्याने मसुद्याची पाने, आणि पाने कापून त्यांचे तुकडेही, सढळ हाताने वाटले. तेच तुकडे एकेक करून शोधण्यात आणि जुळविण्यात पुढच्या अभ्यासकांचे श्रम खर्ची पडले, आणि मसुदा आजही अपुराच आहे. प्रत्येक चाहत्याला वॉशिंग्टनचे अक्षर मिळाले. वॉशिंग्टनला काय म्हणायचे होते ते मात्र कोणाकडेच पुरते राहिले नाही.

अमेरिकेत पुढे या हौसेचा बाजार झाला. खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे छापणाऱ्या कंपन्या दिवंगत नामवंतांचे जुने वटलेले चेक विकत घेतात, सहीची पट्टी कापतात आणि कार्डाच्या खाचेत बसवितात. चेक कोणाच्या नावे होता, किती रकमेचा होता, हे त्या कार्डाच्या मालकाला कधीच कळत नाही. ज्याने काउंटरवर आयुष्य काढले त्याच्या अंगावर यामुळे काटा येईल. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या ८७ व्या कलमाने, संलेखात महत्त्वाचा फेरफार झाला की ज्या पक्षाची त्याला संमती नाही त्याच्यावर तो बंधनकारक राहत नाही. आपल्या पेढ्यांतही हुंडी सिकारून रक्कम चुकती झाली की तिला खोका म्हणत, आणि तो खोका जपून ठेवीत. पैसे दिल्याचा पुरावा तोच. सही म्हणजे कोणत्या तरी मजकुराला दिलेला होकार. मजकूर काढून घेतला तर होकार कशाला?

बटन ग्विनेट याची गोष्ट तर व्यापाऱ्यांनी ऐकावीच. इंग्लंडहून जॉर्जियात गेलेला हा व्यापारी, धंद्यात कधी नीट उभा राहिला नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धातील जखमेने वारला. त्या जाहीरनाम्यावर सही करणारे छप्पन्न. सगळ्यांच्या सह्यांचा संच पुरा करण्याचे वेड संग्राहकांना लागले, आणि ग्विनेटच्या तर पन्नासएकच सह्या उरलेल्या. २०१० मध्ये त्याची सही असलेल्या एका पत्राला सात लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्याच्या उरलेल्या सह्यांपैकी काही कर्जाच्या चिठ्ठ्यांवरच्या आहेत. जिवंतपणी ज्या सहीवर सावकार विश्वास ठेवायला कचरले असतील, तिला हा भाव!

चांगले फ्रेमवाले आता निराळी रीत पाळतात. खिडकी कापायची ती माउंटच्या पुठ्ठ्याला, कागदाला नाही. सही दिसते, बाकीचे पान पुठ्ठ्यामागे अखंड राहते. पुठ्ठा आम्लरहित असतो, आणि कागद पातळ जपानी कागदाच्या बिजागरीने, गव्हाच्या खळीने टांगतात. पाण्याच्या बोटाने ती सुटते. खर्च थोडा वाढतो, एवढेच.

दिवाळीत आत्या माहेरी आल्या. फ्रेमपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

‘‘छान झालीय रे. आणि खालचं पान?’’

‘‘कुठलं पान, आत्या?’’

लहानपणी वडिलांनी ते पान त्यांना वाचून दाखविले होते. सभेत आजीने हातातले चांदीचे कंकण उतरवून दिले, ते आजोबांनी घरी येऊन लिहून ठेवले होते. कंकणाचे वजन, तोळे आणि मासे. पुढे एक ओळ अशी, की आपल्याला न विचारता दिले, आणि बरे झाले. पाठीमागे काय होते ते आत्यांना आठवेना. आता त्यातला सहीमागचा भाग तेवढा पुठ्ठ्याला चिकटलेला आहे.

विम्यासाठी किंमत ठरवायला माणूस आला, त्यानेही तेच विचारले, आपल्या कारणासाठी. कापलेल्या सह्यांची नक्कल करणे सर्वांत सोपे. सोबतचा मजकूर असता तर खरेपणाला आधार मिळाला असता.

मग माळ्यावरून त्या वर्षाची रोकडवही काढली. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना बोलाविले. धर्मादाय खात्यात पाच रुपयांची नोंद सापडली, तिथीवारासह. कंकणाची नोंद कुठेच नव्हती. स्त्रीधन दुकानाच्या वहीत कशाला येईल?

फ्रेमवाल्याने सुचविले, नोंदीचे पानही सहीशेजारी बसवू, उठून दिसेल. त्याला झेरॉक्स दिली. वही पुन्हा लाल बासनात बांधून माळ्यावर गेली. कंकण किती तोळ्यांचे होते, हे आत्यांना अजून आठवत नाही.