झाशीच्या वेशीआडचा मल्लखांब

झाशीत रिक्षावाल्याला 'दतिया गेट' असे सांगितले की तो हमखास उलट विचारतो, "अंदर या बाहर?" पाहुणा गोंधळतो. पण प्रश्न रास्त आहे. शहराच्या तटाच्या आतली वस्ती ती 'दतिया गेट अंदर' आणि तटापलीकडची ती 'दतिया गेट बाहर'. लोकांच्या पत्त्यांतही हे दोन शब्द असेच चालतात. तटाचे रखवालदार केव्हाच गेले, पण कोण आतला आणि कोण बाहेरचा हे पोस्टमन अजून विचारतो.

जुन्या झाशीला अशा दहा वेशी होत्या. ओरछा, सागर, भांडेर, बडागाव ही नावे त्या त्या गावांच्या रस्त्यांवरून पडली. दतिया गेटही त्यातलेच. इथून निघालेला वाटसरू तीसेक किलोमीटरवरच्या दतियाला पोचायचा. मध्येच एक 'खंडेराव गेट' भेटते आणि मराठी माणसाचे कान टवकारतात. त्यात नवल नाही. छत्रसालाने थोरल्या बाजीरावाला दिलेल्या मुलखातून मराठे बुंदेलखंडात आले, १७४२ मध्ये नारो शंकर इथे सुभेदार झाले आणि पुढे रत्नागिरीकडचे नेवाळकर आले. शहराचा तट उभा राहिला तो त्यांच्यातल्या शिवराव भाऊंच्या काळात. मराठी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. घटना समितीत बसलेले आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत निवडून गेलेले रघुनाथ विनायक धुळेकर याच झाशीचे वकील.

जुने शहर पायी फिरण्याजोगे आहे. गल्ल्या अरुंद, त्यात ई-रिक्षांची दाटी, आणि सगळ्यांवर नजर ठेवून टेकडीवरचा किल्ला. पण दतिया गेटच्या आत शिरल्यावर माझ्या मनात किल्ला नव्हता. मी आले होते एका खांबाच्या ओढीने.

तो खांब आता कुठे दिसणार नाही. तो भेटतो पुस्तकात. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि ऐन धामधुमीत झाशीत अडकले. १८५८ च्या वेढ्यात ते शहरातच होते. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आले. त्यात लढाई आहे, लूट आहे, कत्तल आहे, पण मला सर्वात आवडते ते बाईसाहेबांच्या दिनचर्येचे वर्णन. राणी पहाटे उठे, मल्लखांब करी आणि मग घोडे फिरवी, असे हे भटजी सांगतात. कधी पायजमा, बंडी आणि पागोटे अशा पुरुषी वेषात ती दरबारात बसे, हेही ते लिहितात. विशेष म्हणजे त्यात कुठे नाक मुरडणे नाही. कोकणातला एक कर्मठ ब्राह्मण विधवा राणीच्या मल्लखांबाबद्दल लिहितो ते पूजा-स्नानाबद्दल लिहावे तितक्याच सहजपणे.

हा मल्लखांब तिच्याकडे आला कुठून? दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर नावाचे वस्ताद होते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांना कुस्तीत उत्तर द्यायचे म्हणून त्यांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर तप केले आणि मारुतीने त्यांना लाकडी खांबावरची कसरत शिकवली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन बाळंभटदादांनीच केले असे मानले जाते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला गेले, आणि ही कसरतही गंगेकाठी पोचली. तिथेच मोरोपंत तांब्यांची मनू वाढली. पेशव्यांच्या मुलांबरोबर ती तलवार, घोडा आणि मल्लखांब शिकली, असे परंपरेने सांगतात. १८४२ मध्ये ती लग्न होऊन झाशीला आली.

या प्रवासात माझी मावसबहीण सोबत होती. वय एकोणचाळीस, दोन मुलांची आई, बँकेत नोकरी. गेले आठ महिने ती आठवड्यातून दोनदा 'पोल' शिकायला जाते. होय, तोच तो चकचकीत धातूचा खांब, जो सिनेमात कुठल्यातरी अंधाऱ्या बारमध्ये दिसतो! घरी मात्र तिने सांगितले आहे की झुंबाला जाते. "सासूबाईंना काय सांगू? खांबाला लटकते म्हणून?" असे ती हसत म्हणाली खरी, पण त्या हसण्यात संकोच होताच. दुसऱ्या बाळंतपणानंतर आरशासमोर उभे राहणे तिने सोडले होते. पहिल्यांदा हात-पाय खांबाला आवळून दहा सेकंद अधांतरी राहिली, त्या दिवशी घरी येईपर्यंत तिला रडू आवरेना, हे तिने मला दतिया गेटच्या गल्लीत, चहाचा कुल्हड हातात धरून सांगितले.

बारमधल्या नाचाशी या कसरतीचे नाते आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण १९९० च्या दशकापासून कॅनडा-अमेरिकेत ती व्यायाम म्हणून शिकवली जाऊ लागली. २००९ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडासंघटनांच्या मंडळाने त्याला निरीक्षकाचा दर्जा दिला. मुंबई-पुण्यात आता असे वर्ग चालतात.

आणि शरीराला विचाराल तर या खांबात आणि आपल्या मल्लखांबात फार अंतर नाही. मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड, वर निमुळता, डोक्याला बोंड. जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच. त्याला एरंडेल चोळतात. पोल जेमतेम साडेचार सेंटिमीटर जाडीचा, आणि त्यावर चढण्याआधी अंगाला तेल, क्रीम काही लावायचे नाही, नाहीतर हात सुटलाच. दोन्हीकडे पकड कातडीची असते. मांडी, पोटरी, गुडघ्यामागची खोबण, बगल, पोट. म्हणूनच पोलवर आखूड कपडे आणि म्हणूनच मल्लखांबावर लंगोट. लंगोटाला आपण कधी नावे ठेवली नाहीत, हा भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. राणीचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो, पण पुरलेला खांब पुढे बहुतांशी मुलग्यांचाच राहिला. मुलींच्या वाट्याला आला दोरीचा मल्लखांब, पूर्वीच्या वेताच्या मल्लखांबाचा वारस. मुलींनी त्याचे सोने केले. पायाच्या अंगठ्याच्या पकडीत दोर धरून आसने करणाऱ्या पोरी पाहिल्या की श्वास रोखला जातो. दादरच्या शिवाजी पार्कावरच्या, १९२५ साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही दोरीवर चढवले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच शिवाजी पार्कावर २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता मुलीही पुरलेल्या खांबावर चढतात.

मावसबहीण हे सगळे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी काही नवीन करत नाहीये." मला तिचे पूर्ण पटले नाही. राणीचा मल्लखांब लढाईच्या तयारीसाठी होता, हिचा पोल स्वतःसाठी आहे. पण स्वतःसाठी म्हणजे कमी, असे कोणी ठरवले? बाईने घरासाठी, देशासाठी काही केले की चालते, स्वतःसाठी केले की कारण सांगावे लागते. झुंबाचे खोटे त्यातूनच आले. सासूबाईंना अजून तिने सांगितलेले नाही. परत जाताना 'माझा प्रवास'ची एक प्रत घेऊन त्यांना वाचायला द्यायची, एवढे ठरले आहे. बघू या.

कोणाला असे काही सुरू करावेसे वाटले तर दोन शब्द. मणक्याचे किंवा खांद्याचे दुखणे, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणात ही सुरुवात नको. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, खाली जाड गादी असावी, आणि शिकवणारी व्यक्ती हात देऊन वर चढवणारी हवी, मोबाइलवर चित्रफीत दाखवणारी नव्हे. पहिले महिनाभर मांड्यांवर काळेनिळे डाग पडतात, त्याला घाबरू नये. उलटे लटकण्याची घाई करू नये. आधी नुसते धरून राहणे जमले की पुष्कळ झाले.

गंमत म्हणजे दतिया गेटवरून निघणारा रस्ता ज्या दतियाला जातो, ते आहे मध्य प्रदेशात. त्या राज्याने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केले. म्हणजे राणीच्या वेशीतून बाहेर पडून तासाभरात तुम्ही मल्लखांबाच्या राज्यात!

झाशीला जायचे तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. उन्हाळ्यात बुंदेलखंडाचे ऊन सोसवत नाही. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस. स्टेशनचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. किल्ला, तिथली कडक बिजली तोफ आणि राणी महाल एका दिवसात होतात. राणीचे लग्न लागले ते गणेश मंदिर चुकवू नका. दुसरा दिवस ओरछ्याला ठेवा किंवा दतियाला. दतियाला बीरसिंगदेवाचा सातमजली महाल आणि पीतांबरा पीठ आहे. दतियाला निघालात तर रिक्षा ठरवताना 'अंदर की बाहर' ते मात्र आधी सांगा, नाहीतर भाडे दुप्पट.