मांजराची वंशावळ

मागच्या रविवारी मी पुण्याला गेलो होतो. बातमीसाठी नाही, मांजरासाठी. दोन दिवस झाले, फाट्यावर जो भेटतोय तो हसून विचारतोय, "काय सायेब, नंबर आला का?" म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आमच्या घरी बर्फी नावाचं पर्शियन मांजर आहे. पोरीच्या मामाने तिला सातवी पास झाली म्हणून आणून दिलं. शहरातल्या एका विकणाऱ्याकडून, चौदा हजाराला. मी ऐकून गारच पडलो. तेवढ्यात आमच्या भागात चांगली शेळी येते आणि ती दूधही देते. पण पोरीचं तोंड बघून गप बसलो. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "एकदम प्युअर आहे, कागद नंतर पाठवतो." दीड वर्ष झालं. कागद आले नाहीत, त्याचा फोनही आता लागत नाही.

पोरीने मोबाइलवर कुठंतरी बघितलं की पुण्यात कॅट शो आहे. मग रोज एकच, "पप्पा, जाऊ ना." शेवटी मित्राची गाडी मागितली. पहाटे चारला फाट्यावर चहाला थांबलो तर टपरीवरचे सगळे पिंजऱ्याभोवती गोळा. आता हे इथं सांगायला पाहिजे की 2023 पासून आमच्या टपरीवर सगळे एकत्र असे बसतच नाहीत. एक घोळका उठला की दुसरा येतो. त्या पहाटे मात्र दोन्हीकडचे दोन-तीन, दोन-तीन जण वाकून बर्फीकडं बघत होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता.

"असली हाय का?"

मी म्हणलं, "असली म्हणजे?"

"म्हणजे जातिवंत हाय का? कागद हाय का तिचा?"

गाडीत बसल्यावर हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. वडीगोद्रीचा माणूस 'कागद हाय का' हे शब्द सहज ऐकू शकत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अंतरवाली सराटी आमच्या शेजारी आहे. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील तिथं उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि सगळा महाराष्ट्र आमच्या रस्त्यावर आला. मग न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती आली, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जून 2024 मध्ये आमच्याच गावात लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाला बसले. या सगळ्या काळात मी एकच शब्द सर्वात जास्त टाइप केला असेल. वंशावळ. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, मोडी वाचणारा माणूस कुठं मिळेल, उर्दू वाचणारा कुठं मिळेल. पणजोबाचं नाव आठवत नाही म्हणून तहसीलच्या ओट्यावर डोकं धरून बसलेली माणसं मी बघितलीत.

आणि मी पुण्याला पोचलो तर नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "सर, पेडिग्री आहे?"

मी नुसता बघत राहिलो. तिला वाटलं शब्द कळला नाही. तिने समजावलं, "म्हणजे वंशावळ, सर."

तिथं एका बाईंनी त्यांच्या मांजराची वंशावळ दाखवली. छापील, शिक्का मारलेली. बाप, आई, आजे-आज्या, पणजे-पणज्या. प्रत्येकाचं नाव, रंग, नोंदणी क्रमांक. तीन पिढ्या म्हणजे चौदा पूर्वज. मला माझे चौदा नाही सांगता येणार, चार-पाच सांगितले तरी पुष्कळ. बर्फीचा एकही नाही. त्यामुळे तिला पर्शियनच्या वर्गात प्रवेश नाही. मुलगी चांगली होती, म्हणाली, "घरगुती मांजरांच्या वर्गात घालू या, तिथं कागद लागत नाही. लसीकरणाचं कार्ड आहे ना?" ते होतं. पोरीचे डोळे मात्र भरले. तिच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं की हिचं मांजर पर्शियन आहे. आता ती एकदम 'घरगुती' झाली.

स्पर्धा कशी असते ते सांगतो, कारण मलाही काही माहीत नव्हतं. मला आठवत होतं ते फेब्रुवारी 2019 चं जालन्याचं महापशुधन एक्स्पो. तिथं देवणी, लाल कंधारी जनावरं रिंगणात फिरवायची, परीक्षक रंग, शिंगं, वशिंड, कास बघायचे, भोवती गर्दी, धुरळा. इथं तसं काही नाही. हॉलमध्ये टेबलांवर पिंजऱ्यांच्या रांगा, पिंजऱ्यांना पडदे, आत गादी. मालक लोक कंगवे घेऊन सकाळपासून विंचरतायत, पावडर लावतायत, ड्रायर फिरवतायत. परीक्षक बाई परदेशातून आलेल्या. प्रत्येक मांजराला हात लावण्याआधी हात आणि टेबल औषधाने पुसायच्या, एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून. मांजर उचलायचं, लांब ताणून अंग बघायचं, बाजूने चेहरा बघायचा, शेपटी, कान, केस, मग पिसाचं खेळणं नाचवून स्वभाव बघायचा. जातिवंत मांजर दुसऱ्या मांजराशी नाही, त्या वाणाच्या लिखित मानकाशी ताडून बघतात. अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनच्या मानकात पर्शियनला शंभरपैकी 30 गुण एकट्या डोक्याचे असतात. घरगुती वर्गाला मानकच नाही. तिथं तब्येत, निगा, स्वभाव आणि देखणेपण.

आपला नंबर यायला तीन तास होते. तेवढ्यात तिथल्या जुन्या मंडळींशी गप्पा मारल्या, मोबाइलवर वाचलं. पत्रकाराची खोड. त्यातून जे कळलं ते मला लिहावंसं वाटलं.

आजच्या पद्धतीचा पहिला मोठा कॅट शो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 13 जुलै 1871 रोजी भरला. भरवणारा हॅरिसन वेअर हा चित्रकार. त्या काळी तिकडं मांजर म्हणजे उंदीर मारायचं जनावर, लोक त्याला दगड मारायचे. लोकांनी मांजराकडं नीट बघावं, एवढाच त्याचा हेतू. त्या सुरुवातीच्या दिवसांत कष्टकरी लोकांच्या मांजरांसाठी वेगळा वर्गही असायचा. पुढं 1887 मध्ये तिथं नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला, नोंदवह्या सुरू झाल्या. नंतर त्यानेच पद सोडलं. तक्रार ही, की लोकांना मांजरापेक्षा बक्षिसाची जास्त पडलीय.

आता गंमत बघा. 1871 च्या त्या शोमध्ये आजच्यासारखी वंशावळ कोणत्याच मांजराकडं नव्हती. असणार कुठून, नोंदवहीच नव्हती. म्हणजे आज जगातली कितीही भारी वंशावळ घ्या आणि मागं मागं जा, एका ठिकाणी रकाना रिकामा होतो. आई अज्ञात, बाप अज्ञात. आजही काही संघटनांत नवख्यांचा वर्ग असतो. कागद नसलेलं मांजर परीक्षक नुसतं बघतात, मानकात बसलं तर नोंदवहीत नाव चढतं आणि तिथून पुढं त्याच्या पिल्लांची वंशावळ सुरू होते. आपल्याकडं फेलाइन क्लब ऑफ इंडिया वर्ल्ड कॅट फेडरेशनशी जोडलेला आहे आणि आपल्या देशी मांजराला 'इंडीमाऊ' नावाने वाण म्हणून त्या फेडरेशनची मान्यताही मिळालीय. आपल्या उकिरड्यावर फिरणारी मनी, तिला पण रकाना मिळाला.

आणि पर्शियन? नावाने इराणी. पण 2008 मध्ये जगभरातल्या मांजरांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात आजच्या पर्शियनचं नातं पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांशी जास्त जवळचं निघालं. नाव एका गावचं, रक्त दुसऱ्या गावचं.

म्हणून कागद म्हणजे थोतांड, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट एका गृहस्थांनी मला कागदाचा खरा उपयोग सांगितला. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. आई-बापांपैकी एकाकडून दोष आला तरी पिल्लाला आजार होतो. 2004 मध्ये त्याचं जनुक सापडलं, आता चाचणी होते. ज्याला मागच्या दोन पिढ्या माहीत आहेत तो चाचणी करून पुढची पिल्लं वाचवू शकतो. बर्फीचे आई-बाप कोण हेच माहीत नाही, तर मी काय वाचवणार? कागद मिरवायला नसतो, उपयोगाला असतो. मराठवाड्यात लोक जो कागद शोधतायत तोही मिरवायला नाही. पोराची फी, पोरीची जागा, नोकरी यासाठी शोधतायत. आणि ज्यांना आपल्या ताटातलं जाईल अशी भीती वाटते, त्यांच्या घरातही फीचीच पावती भरायची असते. माणसाची तुलना मी मांजराशी करत नाही, कृपया कोणी तसा अर्थ काढू नका. मला एवढंच म्हणायचंय की कागद कचेरीत लागतो. चहाच्या टपरीवर तो मागायचं काही कारण नव्हतं आणि आपण तो तिथंही मागायला लागलो. या दोन वर्षांत बातमी वाचून मला फोन करणाऱ्या कितीतरी जणांनी बातमीबद्दल बोलायच्या आधी विचारलंय, "तुम्ही कोणाचे?" वीस वर्षं मला ओळखणारी माणसं. मी काय आहे ते त्यांना पाठ होतं, तरी कोणाचा आहे ते पाहिजे होतं.

असो. बर्फीचा नंबर आला.

पोरीने तिला टेबलावर ठेवलं. परीक्षक बाईंनी उचललं, पोटाखाली हात घातला, डोळ्यांच्या कोपऱ्यातलं पाणी बघितलं, मग बराच वेळ नाकाजवळ कान नेऊन श्वास ऐकला. कोणाची, कुठली, कितीला घेतली, काही विचारलं नाही. मदतनीस मुलाने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. केस छान ठेवलेत, स्वभाव फार गोड आहे, हिला कोणीतरी खूप माया लावलीय. पण नाकपुड्या फार अरुंद आहेत, वजन जास्त आहे. तुमच्याकडं उन्हाळा कसा असतो?

मी म्हणलं, मे महिन्यात चाळीसच्या वर.

बाईंनी मान हलवली. चपट्या तोंडाच्या मांजराला उष्णता लवकर बाधते, श्वास पुरत नाही. वजन उतरवा, दुपारी गार खोलीत ठेवा, तोंड उघडून धापा टाकायला लागली तर थांबू नका, डॉक्टर गाठा. आणि हिची पिल्लं घेऊ नका.

बक्षीस मिळालं नाही. ते शेजारच्या पिंजऱ्यातल्या काळ्या पट्ट्याच्या देशी बोक्याला मिळालं. परीक्षक बघत असताना तो टेबलावर पाय पसरून झोपून गेला होता, सगळा हॉल हसला. माझी पोरगी पण हसली. येताना मात्र गाडीत नगरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "पप्पा, त्या बाईंनी विचारलंच नाही ती पर्शियन आहे का."

मी म्हणलं, "नाही विचारलं."

"त्यांना तिचा श्वास कळला. आपल्याला दीड वर्षात नाही कळला."

खरं होतं. दीड वर्ष आम्ही कागदाची वाट बघितली, तिची धाप नाही बघितली. उन्हाळ्यात ती फरशीला चिकटून पडायची तर आम्ही म्हणायचो, लाडावलीय.

आता कामाचं. आपल्या भागात हल्ली पर्शियन पिल्लं घ्यायची हौस वाढलीय, मला दोन दिवसांत चार फोन आलेत. घेणारच असाल तर एवढं बघा. 2018 च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारा. लसीचं कार्ड बघा. 'कागद नंतर येतील' म्हणाला तर येणार नाहीत हे गृहीत धरा. आणि पिल्लाचं नाक, श्वास बघा. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात चपटं तोंड म्हणजे त्या जिवाला रोजची शिक्षा. खरं सांगू, गावातली एखादी मनी घरी आणा, नसबंदी करून घ्या, रेबीजची लस द्या. शोमध्ये तिलाही जागा आहे, मी बघून आलोय.

बर्फी आहे, बरी आहे. खाणं मोजून सुरू केलंय. कूलर आधी हॉलमध्ये होता, आता तिच्या खोलीत गेलाय. आम्ही पण दुपारी तिथंच बसतो.

काल पोरीने ड्रॉइंगच्या कागदावर पट्टीने रेघा मारून एक तक्ता केला आणि फ्रीजवर चिकटवला. त्या बाईंच्या वंशावळीसारखाच, चौदा चौकटींचा. चौदाही चौकटींत लिहिलंय, 'माहीत नाही'. डाव्या बाजूला मोठ्या चौकटीत लिहिलंय, 'बर्फी, मु. पो. वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना'.

टपरीवरच्या दोन्हीकडच्या मंडळींना मी सांगितलंय, कागद झाला तिचा, येऊन बघून जा. अजून कोणी आलं नाही. चहा ठेवलेला आहे.