घुंगरू आणि ढोल

बहिरेपण आंधळेपणासारखे उघड दिसत नाही. आणि ज्या बालकाची नजर तीक्ष्ण व बुद्धी तल्लख असते, त्याच्या ठिकाणी तर ते इतके बेमालूम झाकले जाते की, घरातील चार माणसे अष्टौप्रहर त्याच्याभोवती असूनही कोणास त्याचा सुगावा लागत नाही. आमच्या बडनेऱ्याच्या घरात नातू दीड वर्षाचा होईपर्यंत हेच चालले होते. दार उघडले की तो वळे, कारण उजेड बदले. पाठीमागे टाळी वाजली की वळे, कारण मानेला वारा लागे. ताट पडले की दचके, कारण फरशीचा कंप अंगास जाणवे. शब्द मात्र एकही उमटला नव्हता. त्यावर माझ्या पत्नीचा निवाडा ठरलेला असे, "याचा बाप तरी कुठी लवकर बोलला होता? बोलन उशिरानं!"

शंका प्रथम घेतली ती सूनबाईने, पोळ्याच्या दिवशी. तोरण तुटल्यावर बैलजोड्या दारोदार पूजेस निघाल्या होत्या. ओट्यावर बसलेल्या नातवाच्या पाठीमागून एक जोडी घुंगरमाळा वाजवीत गेली, तरी हातातल्या मातीच्या बैलावरून त्याची दृष्टी ढळली नाही. मागाहून गल्लीच्या तोंडाशी ढोल घुमला, तेव्हा मात्र तो तत्काळ वळला. "मामाजी, याले ढोल समजते, घुंगरू नाही समजत," ती म्हणाली. त्या रात्री त्याला जाड गादीवर बसवून, तोंडासमोर पदर धरून, तिने मागून नेहमीच्या आवाजात हाक मारली. तो खेळतच राहिला.

शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी गाजावाजा न करण्याचा सल्ला दिला. परंतु ज्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या मूकबधिर लेकरांना आपले नाव देऊन वाढविले आणि २०२४ साली ज्यांच्या या कार्याचा पद्मश्रीने गौरव झाला, त्याच जिल्ह्यात आपल्या नातवाचे कान लपवून ठेवण्याचे प्रयोजन मला दिसेना. सूनबाईचे माहेर अकोल्यास जठारपेठेत. तिथल्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे आम्ही त्याला नेले.

बाईंनी प्रथम कानात मळ वा पडद्यामागे पाणी साचलेले नाही ना, याची खात्री करून घेतली. कारण तेवढ्यानेही मूल कमी ऐकते आणि ते बहुधा औषधोपचाराने बरे होते. मग झोपेचे औषध पाजून 'बेरा' तपासणी झाली. कपाळावर व कानामागे तारा चिकटवल्या, कानात निरनिराळ्या पट्टीचे ध्वनी सोडले, आणि मेंदूकडे जाणारी त्यांची वर्दी संगणकावर रेघांच्या रूपाने उमटू लागली. निद्रिस्त बालकाची साक्ष घेण्याचा असा प्रकार मी कचेरीत उभी नोकरी करूनही पाहिला नव्हता. निष्कर्ष सूनबाईच्या बोलण्याशी जुळला : खर्ज काहीसा पोचत होता, उंच पट्टीचे ध्वनी नव्हेत, म्हणजे मोठ्या हाकेतले स्वर कानी पडत, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने गळून जात.

नवजात बालकाचे कान पहिल्या महिन्यात तपासावेत, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याचे निदान व सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा दंडक बाईंनी सांगितला. कारण मेंदूची भाषा शिकण्याची उमेद पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. आम्ही त्या मुदतीबाहेर होतो, पण वेळ टळून गेलेली नव्हती. दोन्ही कानांना यंत्रे आली. कान वाढतो तसे त्यांचे साचे बदलू लागले. यंत्रांनी भागले नाही तर पाच वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी शासकीय योजनेत अर्ज करता येतो, हेही कळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील दाखल्यासाठी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात कागद दाखल करणे माझ्याकडे आले, आणि पेन्शनरास एक काम मिळाले.

यंत्र आवाज पोचवते, अर्थ पोचवीत नाही. तो घरालाच पोचवावा लागतो. म्हणून आता आमच्याकडे भाकरी थापताना, दूध उतू जाताना, नळ आल्यावर, जे घडेल ते त्याच्यासमोर बसून, तोंड उजेडात ठेवून, स्पष्ट सांगितले जाते. माझी पत्नी या कामात सर्वांच्या पुढे आहे. आणि आळीत कुणाकडे बारसे असले की ओटी भरण्यापूर्वीच ती बाळंतिणीस विचारते, "लेकराच्या कानाची तपासनी केली का वं?"