माझी खोटी नाणी

कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी काड्यापेटीचे छाप. जुनी नाणी जमवणारेही पुष्कळ असतात. मी मात्र खोटी नाणी जमवतो! पूर्वी लोकांना फसवण्यासाठी तयार केलेली आणि आता कोणत्याच बाजारात न चालणारी अशी एकतीस नाणी माझ्या पत्र्याच्या डब्यात आहेत. आमच्या छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटजवळ रविवारी बाजार भरतो. तेथे चादर पसरून जुन्या वस्तू विकणाऱ्यांना मी विचारतो, "खोटा रुपया आहे का?" ते आधी रागावतात. "मास्तर, आम्ही खोटा माल ठेवत नाही!" मग माझा छंद कळला, की हसतात आणि पिशवीच्या तळातून एखादा काढून देतात.

खोटे नाणे ओळखायचे कसे? आधी कानाने, मग हाताने आणि शेवटी डोळ्यांनी. चांदीचा रुपया दगडावर टाकला, की खणकन वाजतो. मराठीत 'खणखणीत नाणे' म्हणतात, ते यामुळेच. शिशाचा रुपया बद्द वाजतो. मग वजन पाहायचे. इंग्रजांच्या काळातील रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असे. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला रुपया तेवढाच मोठा दिसला, तरी तराजूत हलका भरतो. खरे नाणे ठशाने दाबून बनवतात. खोटे बहुधा साच्यात ओतलेले असते. म्हणून त्यावर बारीक खड्डे दिसतात आणि कडेला जोडाची रेघ राहते. १९४० साली सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा नकला होऊ नयेत म्हणून त्याच्या कडेत खाच ठेवली. साच्यात ओतणाऱ्याला ती साधणे कठीण होते.

पण शिसे दिसले, की लगेच नाणे खोटे ठरवू नका. जवळच पैठण आहे. तेथे राज्य करणाऱ्या सातवाहन राजांनी स्वतःच शिशाची नाणी पाडली होती. ती अगदी खरी!

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट सांगतो. १९४८ पर्यंत औरंगाबाद हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे हाली सिक्का चाले. त्या रुपयावर चारमिनार असे. चारमिनारच्या कमानीत नीट पाहिले, तर एक अक्षर दिसते. महबूब अली खान यांच्या रुपयावर 'मीम' आणि उस्मान अली खान यांच्या रुपयावर 'ऐन'. भोवती 'निजाम-उल-मुल्क' अशी अक्षरे. ही लिपी तुम्ही रोज वाचता, म्हणून हे नाणे तपासणे तुम्हांला इतरांपेक्षा सोपे आहे. माझ्या डब्यातील एका रुपयावर 'निजाम' या शब्दातील 'जोय'वर नुक्ताच नाही. ठसा कोरणाऱ्याला अक्षर वाचता येत नसावे. त्याने चित्र काढावे तशी नक्कल केली आणि 'जोय'चा 'तोय' झाला.

हा रुपया माझ्या नानीच्या वडिलांना मिळाला होता. ते हिमरू विणत. आठवड्याच्या मजुरीत हा रुपया आला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. नानीच्या थोरल्या भावाने नुक्ता नसल्याचे दाखवले, तेव्हा ते तो परत करायला गेले. देणाऱ्याने हात झटकले. घरी नानीची आई म्हणाली, "मगरिबनंतर कंदिलाच्या उजेडात किराणा दुकानात देऊन टाका. कोण पाहतो?" ते म्हणाले, "दुकानदार पाहणार नाही. तो हमालाला देईल. तोही पाहणार नाही. मग हमालाने कोणाला द्यायचा?" तो रुपया फळीवरच राहिला. त्या आठवड्यात घरात गोश्त आले नाही. नानीची आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नानी अजूनही आईचीच बाजू घेते. म्हणते, "घरात पाच लेकरे होती. तुम्हांला काय कळणार!" यावर मी काही बोलत नाही.

खोट्या नाण्यांची सर्वांत मोठी गोष्ट शहरापासून पंधरा किलोमीटरवरच्या दौलताबादशी जोडलेली आहे. सुलतान मुहम्मद तुघलक याने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून येथे आणली. पुढे १३३० च्या सुमारास त्याने पितळेची आणि तांब्याची नाणी काढली. ती चांदीच्या टंक्याच्या किमतीला घ्यावीत, असा हुकूम दिला. दौलताबादच्या टांकसाळीतही अशी नाणी पाडली गेली. जो सुलतानाचे ऐकतो, तो रहमानचे ऐकतो, अशा अर्थाचे शब्द त्यांवर कोरले होते. शब्द जोरदार होते, पण पितळ घरोघरी होते! नक्कल करता येणार नाही अशी एकही खूण नाण्यावर नव्हती. लोकांनी घरीच नाणी पाडली. व्यापारी ती घेईनात. शेवटी दोन-तीन वर्षांतच सुलतानाने हुकूम मागे घेतला आणि पितळेच्या बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी दिली. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादला पडून होते, असे इतिहासकार जियाउद्दीन बरनी लिहितो. लोक त्या सुलतानाला लहरी म्हणतात. मला मात्र वाटते, की हे नुकसान त्याने निदान स्वतःच्या खजिन्यावर घेतले. हिमरू विणणाऱ्याला असा खजिना कोठून मिळणार?

तुम्हांलाही हा छंद लावून घ्यायचा असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आजच्या चलनातील खोटे नाणे किंवा नोट संग्रहासाठीही ठेवू नका. मोठ्या माणसांना सांगून ती पोलिसांकडे द्या. ती पुढे चालवणे हा गुन्हा आहे. जुनी नाणी मात्र खुशाल पाहा. घरात एखादा चारमिनारचा रुपया असेल, तर तो घासूनपुसून चकचकीत करू नका, त्याने अक्षरे झिजतात. खिडकीजवळ उजेडात धरा. आधी कमानीतले अक्षर वाचा, मग नुक्ते मोजा.