राखून ठेवलेला निकाल

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या इतिहासात वादांना तोटा नाही. परंतु ज्याची सुनावणी वर्षानुवर्षे चालली, ज्यात दोन बलाढ्य धर्मसंघांनी आपले सारे पांडित्य पणाला लावले, आणि जो अखेरीस निकालावाचूनच दप्तरी दाखल झाला, असा खटला विरळाच.

1588 साली लिस्बन येथे लुइस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइट पंडिताचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ईश्वराची सत्ता सार्वभौम असेल, त्याच्या कृपेवाचून मनुष्याच्या हातून एकही सत्कृत्य घडत नसेल, तर त्या मनुष्याची इच्छा स्वतंत्र कशी म्हणावी, हा प्रश्न जुनाच. मोलिनाचे उत्तर मात्र नवे होते. कोणता मनुष्य कोणत्या प्रसंगी आपखुशीने काय करील हे ईश्वराला सृष्टीपूर्वीच ज्ञात असते, आणि ते जाणूनच तो प्रसंगांची योजना करतो. म्हणजे योजना त्याची आणि निवड मनुष्याची. दोमिंगो बान्येस आदी डॉमिनिकन पंडितांना यात ईश्वराचा उपमर्द दिसला. मनुष्याचा कल पाहून ज्याला आपला बेत आखावा लागतो तो सार्वभौम कसला, तो तर कारभाऱ्यांच्या मर्जीने चालणारा धनी झाला! यावर जेझुइटांचा उलट सवाल असा की, कृपाच जर इच्छेला आतून अचूक हलवीत असेल, तर पापाचा जाब मनुष्याला का विचारावा?

प्रकरण रोमला गेले. पोप आठवे क्लेमेंट यांनी चौकशीमंडळ नेमले. 1600 मध्ये मोलिना वारला, 1605 मध्ये खुद्द क्लेमेंटही गेले, तरी वाद जिवंतच राहिला. शेवटी 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी फर्माविले की, एका पक्षाने दुसऱ्यास पाखंडी म्हणू नये. निर्णय योग्य वेळी जाहीर होईल. ती योग्य वेळ अद्याप उगवलेली नाही. यात राजकारण नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण त्याच सुमारास व्हेनिसशी पेटलेल्या कलहात जेझुइट पोपच्या बाजूने उभे राहिले होते. पण हेतू कसाही असो, त्या मौनाइतका शहाणा निवाडा या वादात दुसरा कोणी दिलेला मला आढळत नाही.

मराठी वाचकाला येथे दैव आणि प्रारब्ध यांची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी त्या वाटेने गेल्यास मूळ पेच हातचा निसटतो. प्रारब्ध हे आपल्याच पूर्वकर्माचे फळ, त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. येथे समोर आहे तो प्रेम करणारा, रागावणारा, हाक मारणारा ईश्वर, आणि म्हणूनच त्याच्या इच्छेपुढे आपल्या इच्छेचे काय, हा प्रश्न इतका जिव्हारी लागतो.

ज्यांनी निकाल दिला त्यांची कथा हॉलंडातली. तेथील प्रॉटेस्टंट पंडित आर्मिनियस याच्या अनुयायांचे म्हणणे असे की, ईश्वराची कृपा मनुष्य नाकारू शकतो. 1618-19 च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ते मत त्याज्य ठरविले, आणि सुमारे दोनशे धर्मोपदेशकांची वतने गेली. सभा संपत आली असतानाच, 13 मे 1619 रोजी, या पक्षाचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा हेग येथे शिरच्छेद झाला. त्याला शिक्षा देणारे न्यायालय निराळे आणि आरोपही राजकीय होते, हे खरे; पण धर्मसभेचा निर्णय व राजसत्तेचे खड्ग इतके लगतलगत आलेले पाहून मन खिन्न होते. त्याचा सहकारी ग्रोशियस याला जन्मठेप झाली. 1621 मध्ये त्याच्या पत्नीने त्याला ग्रंथांच्या पेटीत घालून किल्ल्याबाहेर काढले. पहारेकऱ्यांनी ती पेटी उघडून पाहण्याचा कंटाळा केला, तो ईश्वरी योजनेने की आपखुशीने, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मला अधिक ओढ वाटते ती याहून फार जुन्या, आफ्रिकेतील हाद्रुमेतुम येथील एका मठाची. इ. स. 426 च्या सुमारास तेथील संन्याशांच्या हाती थोर धर्माचार्य ऑगस्टिनचे कृपेविषयीचे एक पत्र पडले, आणि मठात दुफळी माजली. एकाने तर असा तर्क काढला की, आज्ञापालनाचे बळ जर ईश्वरच देतो, तर चुकलेल्यास मठाधिपतीने रागे भरू नये. त्याच्यासाठी प्रार्थना करावी म्हणजे झाले. सार्वभौमत्वाची आठवण नेमकी बोलणी खाण्याच्या वेळीच व्हावी, यात मनुष्यस्वभावाची गंमत आहे. सत्तरी उलटलेल्या ऑगस्टिनने मात्र थट्टा न करता सविस्तर ग्रंथच लिहून पाठविला. दोष त्या बंधूचा स्वतःचा आहे, म्हणून त्याला दटावावे. आणि सुधारणा घडविणे आपल्या हाती नाही, म्हणून त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. शेवटपर्यंत टिकून राहण्याचे बळ ईश्वराने एकाला दिले व दुसऱ्याला दिले नाही, असे का, या प्रश्नाला मात्र, मला ठाऊक नाही, असे त्याने त्या ग्रंथात मोकळेपणाने म्हटले आहे. पुढे रोममध्ये मोलिनाचे आणि बान्येसचे, दोन्ही पक्ष परस्परांविरुद्ध दाखले देत होते ते याच ऑगस्टिनचे.