येलदरीचें मेज

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरी आहे. येथील धरण इ. स. १९६८ मध्यें पुरें झालें आणि नदीकांठची पुष्कळ जमीन जलाशयाखालीं गेली. त्या वेळीं मोडलेल्या एका वाड्यांतील उतरत्या झाकणाचें सागवानी मेज मीं तेथील गृहस्थांकडून विकत घेतलें. त्यावर ओरखडे पुष्कळ होते. सुतार रंधाच मारावयास निघाला. मीं त्यास थांबविलें.

ओरखड्याची परीक्षा प्रथम करावी. ओलें बोट फिरवितांच तो दिसेनासा झाला, तर इजा केवळ वरच्या लेपास झाली असें समजावें. तेथें स्पिरिटांत विरघळविलेली चपडा लाख कापसाच्या बोळ्यानें पातळ थरांनीं चढवावी. लांकूडच दबलें असेल, तर लेप काढून त्यावर ओलें फडकें ठेवावें व गरम इस्तरी टेंकवावी. वाफेनें तंतू फुगून खळगा वर येतो. काचकागद मात्र लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच घासावा.

झाकणाच्या आंत कोणा बालकानें चाकूनें कोरलेला श्रीकार निघाला. "हाही पुसूं का, गुरुजी?" सुतारानें विचारलें. ज्या ओसरीवर तो कोरला गेला, ती आतां पाण्याखालीं आहे. तेवढा श्रीकार आम्ही तसाच राखला.